कान तुटलेल्या कपातले व्हायोलेट

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काम सुरू केले.

टेबलावर कालचे हिंदी वर्तमानपत्र पसरले. त्यावर ओळीने मांडले: चहाचा जुना चमचा, दाढीचे नवे पाते, मऊ केसांचा ब्रश, चाळलेली पानमाती, वाळू, विटेचा चुरा आणि कोमट पाण्याची वाटी. शेवटी दोन रोपे ठेवली. दोन्ही आफ्रिकन व्हायोलेटची, लहान जातीची. अख्खे रोप बशीत मावेल एवढे. एक काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले, शनिवारी नर्सरीतून आणलेले, चौदा जांभळ्या फुलांचे. दुसरे कान तुटलेल्या चहाच्या कपातले, मान लांबलेले, पानांवर तपकिरी वलये पडलेले, जवळजवळ गेलेले. हे दुसरे माझ्या वहिनींचे.

वहिनी दुपारी चार वाजता येणार होत्या. त्यांचे वय शहाऐंशी. दोन वर्षांपासून त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. त्यांचा मुलगा श्रीकांत बुधवारी त्यांना कायमचे नागपूरला नेतो आहे. गुरुवारी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, जायच्या आधी माझा कप एकदा हाताखालून घालू द्या. फ्रीगंजातल्या माझ्या कपांपैकी तेवढाच उरलाय."

मी "या" म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यांना दिसत नाही. पिशवीतले रोप कपात बसवले असते तर काम वीस मिनिटांचे होते. त्याच हेतूने ते आणले होते. हे लिहून ठेवणे भाग आहे.

कपाच्या तोंडावर तळहात धरला, कप उलटा केला आणि बुडाच्या भोकातून पेन्सिलीचे बोथट टोक हळूच आत ढकलले. कप मलईच्या रंगाचा, काठाला हिरवी रेघ. कान होता तिथे आता दोन पांढऱ्या खुणा आहेत. बुडाचे भोक पेन्सिलीएवढे, पूर्ण गोल नाही, एका बाजूला किंचित कललेले. ते भोक माझे आहे. मी अकरा वर्षांचा होतो.

त्या वेळी आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजात दोन खोल्यांत राहत होतो. बाबा, दादा आणि मी. आई नव्हती. घरात तीन पुरुष होते आणि बोलणे कामापुरते होते. पोळ्या खानावळीतून येत, वरण दादा करी, आणि जेवताना चौकातल्या टॉवरच्या घड्याळाचे ठोके स्पष्ट ऐकू येत, कारण दुसरे काही ऐकण्यासारखे नसे. सकाळी गिरणीचा भोंगा, मग तांग्याच्या घोड्यांच्या टापा, मग शेगडीत कोळसे टाकल्याचा आवाज. या तीन आवाजांवर आमचा दिवस उगवत असे.

माघ महिन्यात दादाचे लग्न झाले. वहिनी महूच्या. त्यांचे वडील तिथल्या छावणीत कारकून होते. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चहा घेता की दूध?"

मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

शाळेत मला 'अबे' म्हणत, घरी 'अरे' म्हणत. अर्धी चड्डी घातलेल्या मुलाला 'तुम्ही' म्हणण्याचे काही कारण नव्हते. दिराला तसेच म्हणायचे असते, एवढीच रीत होती. पण रीत कोणत्या तोंडून आणि कोणत्या आवाजात येते, यालाही महत्त्व आहे. मी "दूध" म्हणालो. त्या काळी मी दिवसभरात जे थोडे बोलत असे, त्यातला हा एक शब्द.

त्यांच्या ट्रंकेत, साड्यांच्या मधे, एक पितळी डबा होता. डब्यात ओला रुमाल आणि रुमालात तीन पाने. जाड, लवदार, मांजरीच्या कानासारखी. महूच्या एका बंगल्यातल्या बाईंनी लग्नात दिलेली. दादाने डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "लोक माहेराहून लोणचं आणतात. हिने पालक आणलाय."

"पालक एका दिवसात संपतो," वहिनी म्हणाल्या. "हे तुम्हाला पुरून उरेल."

घरात मोठ्याने हसण्याचा आवाज मी तेव्हा पुष्कळ दिवसांनी ऐकला. बाबांनीही वर्तमानपत्र थोडे खाली केले होते.

कान तुटलेले कप त्या काळी कोणी फेकत नसे आणि पाहुण्यांनाही त्यातून चहा देत नसे. ते वरच्या फळीवर पालथे पडून राहत. वहिनींनी असे चार कप काढले, माझ्यापुढे ठेवले आणि एका तिकोनी कानशीचे तुटलेले टोक हातात दिले. "भाऊजी, याला बुडाशी भोक पाडायचं. ठोकायचं नाही. पाण्याचा थेंब टाकायचा, चिमूटभर वाळू टाकायची आणि फिरवत राहायचं. घाई केली की कप जातो."

पहिले तीन गेले. दादा म्हणाला, "चहा प्यायला एखादा राहू द्या घरात." चौथ्याला तीन संध्याकाळी लागल्या. चिनीमातीवर वाळू घासली जाताना एक बारीक, दातांत शिरणारा आवाज येई आणि ओल्या विटेसारखा वास. तिसऱ्या संध्याकाळी कानस अचानक हलकी झाली आणि पाण्याचा थेंब माझ्या मांडीवर पडला. वहिनींनी कप उजेडाकडे धरून भोकातून माझ्याकडे पाहिले. त्यांचा एक डोळा दिसत होता.

तोच हा कप.

पुढे बत्तीस वर्षे मी सिंचाई विभागात नकाशे काढले. हात स्थिर आहे, असे वरिष्ठ म्हणत. हात कुठे स्थिर झाला, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

पेन्सिलीने ढकलताच मातीचा गोळा कपाचा आकार घेऊनच बाहेर आला. आंबट वास आला. गोळा वर्तमानपत्रावर ठेवून पात्याने मधोमध खाली चिरला, तेव्हा आतले थर दिसले. खाली जुनी, काळसर, मोकळी माती. ती वहिनींच्या हातची. तिच्यावर तांबूस पट्टा, कुंकवाचा. त्यावर फुगलेले तांदळाचे दाणे, चंदनाची पिवळट साय, तुळशीच्या पानाची जाळी. सर्वांत वर दह्यासारखा पांढरा, घट्ट थर. धरणाच्या पायाचा उभा छेद मी अनेकदा काढला आहे. माझ्या चुकीचा उभा छेद प्रथमच पाहिला.

चूक अशी. दीड वर्षापूर्वी वहिनींनी मला दोन गोष्टी सोपवल्या: घरचे देव आणि हा कप. दादा गेल्यावर नानाखेड्याच्या घरात त्या दिवसभर एकट्या असत. दिसत नसताना दिवा लावणे बरे नाही, असे श्रीकांत म्हणत होता. देव देताना वहिनींनी मला पूजेचा क्रम तोंडी सांगितला आणि मी तो लिहून घेतला. शेवटची सूचना होती: देवाच्या स्नानाचे पाणी मोरीत ओतायचे नाही, झाडाला घालायचे.

मी दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. घरात झाड एकच होते.

रोज दोन पळ्या. सोमवारी पंचामृतासकट. श्रावणात शहरभर अभिषेक चालतात, तेव्हा मीही हात आखडता घेतला नाही. पाणी थंड असे आणि मी ते बरोबर मधोमध, कोवळ्या पानांच्या गाभ्यात घालत असे, कारण मधोमध घालणे मला नीटनेटके वाटे. ऑगस्टमध्ये फूल येणे थांबले. दिवाळीनंतर पाने गळू लागली. मी त्याचा अर्थ असा लावला की पाणी कमी पडते आहे.

बुडाला भोक होते म्हणून रोप एवढे तरी टिकले.

काळा, चिकट झालेला भाग पात्याने कापून काढला. निरोगी मुळे पांढऱ्या दोऱ्यासारखी असतात. तशी मोजून सात सापडली. ब्रशने त्यांवरची माती झटकली. मग खालची मेलेली पाने एकेक करून बाजूला वाकवून तोडली. पाच उरली. गाभ्यात, मोहरीपेक्षा थोडी मोठी, दोन हिरवी टोके होती. ती जिवंत आहेत की नुसती अजून हिरवी आहेत, हे भिंगातूनही कळले नाही.

एक काळ असा होता की या रोपाच्या नातलगांनी फ्रीगंजातल्या अर्ध्या मराठी घरांच्या खिडक्या भरल्या होत्या. वहिनी पानापासून रोप करीत. पानाचा देठ तिरका कापून ओल्या वाळूत खोचायचा, वर काचेचा पेला पालथा घालायचा आणि विसरून जायचे. दोन महिन्यांनी देठाशी उंदराच्या कानाएवढी पाने येत. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचे वाण म्हणून ही रोपे वाटायची ठरवली आणि कप गोळा करायचे काम माझ्याकडे आले. मी दारोदार गेलो. "काकू, कान तुटलेला कप आहे का?" बोलणे टाळणाऱ्या मुलाला हे वाक्य त्या आठवड्यात किती वेळा म्हणावे लागले, याची गणती नाही. एका काकूंकडे तसा कप नव्हता. त्यांनी चांगला कप घेतला, ओट्याच्या कडेवर त्याचा कान माझ्यासमोर तोडला आणि म्हणाल्या, "हा घे. आणि वहिनीला सांग, सगळ्यांत मोठं रोप माझं."

हळदीकुंकवाच्या दिवशी चौदा कप परातीत मांडले होते. तिळाचा, गुलाबपाण्याचा आणि ओल्या पानमातीचा वास एकत्र आला होता. बायका कप ओच्यात धरून घरी गेल्या. पुढचे काही हिवाळे शाळेतून येताना मी खिडक्यांकडे पाहत येई. कोणाच्या कपाला कळी आहे, कोणी उन्हात ठेवून पाने भाजली आहेत, कोणी काळी माती घातली आहे, सर्व मला माहीत असे. माळव्याच्या काळ्या मातीवर वहिनींचा राग होता. "गव्हाला ठीक आहे हो. याचा गळा आवळते ती." मग मी त्या घरी जाऊन माती बदलून देई आणि चिवड्याची पुडी घेऊन परत येई.

उन्हाळ्यात आमच्या खिडकीला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लागे. तिच्यावर पाणी मारले की खोलीत हिरवा, गार अंधार पसरे. त्या अंधारात सगळे कप वाळू भरलेल्या थाळीत बसवलेले असत. बाबा दुपारी त्यांच्याशेजारी आरामखुर्ची ओढून झोपत, म्हणत, "घरातली थंड जागा तुझ्या कपांनी पटकावली." पावसाळ्यात शेगडीची कोमट राख पसरून तिच्यावर थाळी ठेवली जाई, म्हणजे बुरशी धरू नये. हिवाळ्यात फुले येत. जांभळी, मधे दोन पिवळे ठिपके. वहिनी संध्याकाळी कंदील पुसून झाल्यावर त्याच फडक्याच्या कोरड्या टोकाने पानांवरची धूळ टिपत. कंदिलाच्या काचेचा आणि रॉकेलचा वास, आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाज. मी शेजारी बसून अभ्यास करीत असे.

त्या खिडक्या आता नाहीत. त्यांच्या जागी दुकानांची शटर आहेत. टॉवर चौकातून जाताना मी कधी वर पाहत नाही; पाहण्यासारखे तिथे काही आहे असे नाही.

शनिवारी दुपारी कप पिशवीत घालून मी नर्सरीत गेलो होतो. तिथे एक बाई बसतात, साठीच्या. त्यांनी रोप वर धरले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"बाबूजी, इसको खीर खिलाते हो क्या?"

"भगवान का पानी है," मी म्हणालो.

"भगवान का पानी बड़ा पेड़ पी लेता है. ये तो बच्चा है, इसका पेट कितना?" त्यांनी गाभा अंगठ्याने हलकेच दाबून पाहिला. "जड़ काटो, मिट्टी बदलो. बच गया तो बच गया."

"कल तक ठीक होगा?"

त्या हसल्या. "कल? कल तो ये आपको पहचानेगा भी नहीं."

मग मी चौदा फुलांचे रोप मागितले. "जामुनी रंग का," असे दोनदा सांगितले. त्यांनी विचारले, "किसको दिखाना है?" मी पैसे मोजून दिले. ज्यांना दाखवायचे होते त्यांना दिसत नाही, हे सांगण्यासारखे नव्हते.

नऊ वाजता कप धुऊन पुसला. नवे रोप पिशवीतून काढून त्यात बसवून पाहिले. चांगले बसले. फुले काठावरून थोडी बाहेर झुकली, वहिनींच्या खिडकीत झुकत तशीच. डोळे मिटून मी त्यावरून बोटे फिरवली. फरक कळला नाही.

याआधी एकदा मी त्यांना याच रोपाविषयी खोटे सांगितले आहे. नकाशाकाम शिकायला मी इंदूरला गेलो तेव्हा वहिनींनी ओल्या रुमालात एक पान दिले. खोलीवर पोहोचल्यावर मी ते खिडकीत ठेवले आणि आठवड्यात ते वाळले. पण पत्रांतून ते वाढत राहिले. पहिल्या महिन्यात मुळे फुटली, दुसऱ्यात पाने आली, चौथ्यात पहिले फूल. मी रंगही लिहिला. सुट्टीत घरी आलो. जेवताना वहिनींनी भात वाढला, त्यावर तूप घातले आणि म्हणाल्या, "भाऊजी, पानाला फूल यायला वर्ष लागतं." एवढेच. दादाने विचारले, "कसलं पान?" त्या म्हणाल्या, "आमचं आहे काहीतरी." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

नवे रोप कपातून बाहेर काढले. ज्याला कोणी अकराव्या वर्षी 'तुम्ही' म्हटले आहे, त्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काही गोष्टी करता येत नाहीत.

त्यानंतरचे काम क्रमाने झाले. बुडाशी विटेचे दोन तुकडे, भोक झाकले जाईल पण बंद होणार नाही असे. त्यावर वाळू. दोन भाग पानमाती, एक भाग वाळू, एक भाग चुरा. जुन्या रोपाची लांबलेली मान पात्याने हलकी खरवडली, हिरवट दिसेपर्यंत. मग ते एवढे खोल बसवले की खालची पाने काठावर टेकली. माती चमच्याने भरली, दाबली नाही. कप कोमट पाण्याच्या बशीत ठेवला. पाणी खालून चढू दिले. वरून एक थेंबही नाही. दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. पाच पाने कपावर अशी पसरली होती जशी एखाद्याने जेवणाचे ताट मांडावे आणि वाढायचे राहून जावे.

बरोबर चार वाजता जिन्यात वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, या सीढ्या कोणी बनवल्या? चाळीस आहेत. जन्मभर नकाशे काढलेत, दोन कमी नाही करता आल्या?"

"अडतीस आहेत."

"मग दोन माझ्या वयाच्या."

श्रीकांतने त्यांना खुर्चीत बसवले आणि फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला. वहिनींनी पदराने कपाळ टिपले. दोन्ही हात टेबलावर पुढे केले. मी कप त्यांच्या हातांमधे ठेवला.

आधी त्यांनी कप चाचपला. तुटलेल्या कानाच्या दोन खुणांवर अंगठा ठेवला. मग बोटे वर नेली आणि पानांवर न टेकवता क्षणभर तशीच धरली, शेगडीवर हात शेकावेत तशी. मग एकेक पान.

"पाच?"

"पाच."

"मी दिलं तेव्हा अठरा होती."

"हो."

"आणि फूल?"

"ऑगस्टपासून नाही. फोनवर मी ठीक आहे म्हणत होतो. ठीक नव्हते."

त्यांनी नाक किंचित वर केले. कापलेला जुना गोळा वर्तमानपत्रात बांधून मी टेबलाच्या कडेला ठेवला होता. खाली न्यायचा राहिला होता.

"हा दह्याचा वास कुठून येतोय?"

मी पुडी उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी मातीत बोट घातले, चोळले, एक तांदळाचा दाणा चिमटीत धरला.

"तुम्ही म्हणाला होतात," मी म्हणालो, "देवाचे पाणी झाडाला घालायचे."

"हो."

"घरात झाड एकच होते."

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, त्या रडत आहेत. त्या हसत होत्या. एवढ्या हसल्या की श्रीकांत फोन कानाला लावूनच आत आला.

"अहो भाऊजी! रोज?"

"रोज. सोमवारी पंचामृत."

"अगंबाई! मी इतकी वर्षं अंगणातल्या जास्वंदीला ओतत होते, तुम्हाला दिसलं नाही कधी?"

"दिसत होते. सूचनेत जास्वंद नव्हती."

"काका, तुम्ही पण ना," श्रीकांत म्हणाला, "माणसाचं बोलणं टेंडर वाचल्यासारखं ऐकता." आणि पुन्हा गॅलरीत गेला.

वहिनींनी डोळे पुसले. "देव काही बोलले?"

"नाही."

"मग मी काय बोलू!" बोटे पुसायला फडके शोधताना त्यांचा हात पलीकडच्या पिशवीला लागला. तो थांबला. फुलांवरून फिरला, पुन्हा फिरला. "हे कुणाचं?"

"काल विकत आणले. कपात घालून तुमच्या हाताखाली ठेवणार होतो."

"मग?"

"पानाला फूल यायला वर्ष लागते."

त्यांना क्षणभर कळले नाही, मग कळले. "इंदूरचं? ते अजून धरून बसलात?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला आवडायची ती पत्रं. तुमच्या दादांना वाचून दाखवत होते. घरी एका शब्दाने न बोलणारा मुलगा, नसलेल्या फुलावर पानभर लिहीत होता."

मी पाण्याची बशी बाजूला केली. तिला बाजूला करण्याची गरज नव्हती.

"हे फुललेलं मी नेते," वहिनी म्हणाल्या. "नागपूरला सगळे नवीन. दाखवायला काहीतरी बरं हवं. ते मरतुकडं तुमच्याजवळ राहू द्या."

"मेले तर?"

"मेलं तर मेलं. मी जगवायला दिलं होतं का? तुम्ही इथे वर एकटे बसता. हाताला काम असावं म्हणून दिलं. तेव्हाही तेच."

"तेव्हा केव्हा?"

"ते कप हो. तुम्हाला काय वाटलं, उज्जैनमध्ये गमले मिळत नव्हते? कुंभार दारावर येत होता. पण तुम्ही सासूबाई गेल्यापासून तोंड उघडत नव्हतात. दादा म्हणाले, याला काय करावं कळत नाही. मी म्हटलं, बोलायला लावायचं नाही. हाताला काहीतरी द्यायचं, असं की दोन-तीन दिवस पुरेल."

चार वाजून पन्नास मिनिटे झाली होती. सदुसष्ट वर्षे मी असे समजत होतो की कपांना भोके हवी होती.

मी उठून चहा केला. त्यांना आले जास्त लागते, जास्त घातले. त्यांनी बशीत ओतून प्यायला. मग स्वतःच म्हणाल्या, "खाली फाटकाशी कडुलिंब आहे ना? त्याला घाला देवाचं पाणी. लिहून घ्या हवं तर." मी लिहून घेतले. त्यांना पेन्सिलीचा आवाज आला असावा. त्या पुन्हा हसल्या.

सव्वापाचला ती दोघे गेली. जिना उतरताना वहिनी पायऱ्या मोठ्याने मोजत होत्या. अडतीस भरल्या.

नवे रोप मीच ठेवून घेतले होते; पिशवीत ते प्रवासाला योग्य नव्हते. खालच्या दुकानातून बिस्किटांचा रिकामा खोका आणला. पिशवीच्या तळाच्या मापाची पुठ्ठ्याची चौकट कापून आत बसवली, म्हणजे रोप कलंडणार नाही. चारही बाजूंना हवेसाठी भोके पाडली. फुलांच्या वर चार बोटे जागा सोडली. एका बाजूला सिंचाई विभागातल्या अक्षरांत लिहिले: 'ही बाजू वर', आणि बाण काढला. दुसऱ्या बाजूला: 'पाणी खालून, कोमट, आठवड्यातून एकदा. दुसरे काहीही घालू नये.'

सात वाजता ऑटो करून नानाखेड्याला निघालो. खोका मांडीवर धरला. श्रीकांतने दार उघडले. घरात अर्धे सामान बांधलेले होते.

"काका, फोन केला असता तर मी आलो असतो न्यायला. आई झोपली. सीढ्यांनी थकली. बिस्तरावर पडल्यावरही एकटीच हसत होती."

"काय म्हणत होत्या?"

"म्हणे, सूचनेत जास्वंद नव्हती." त्याने खोका हातात घेऊन फिरवून पाहिला. "चहा?"

"नको."

आतल्या खोलीत वहिनी कुशीवर झोपल्या होत्या. उशाशी मंद दिवा होता. त्यांना त्याचा उपयोग नाही, पण तो असावा असे त्यांना वाटते. खोका पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, बाण वर. नमस्कार करायचा होता. झोपलेल्या माणसाला करत नाहीत. पायांवरची शाल एका बाजूला सरकली होती. वाकून ती सारखी केली आणि दोन्ही पावलांखाली नीट खोचली.